हिवाळी सुट्टीत परदेशात श्रमदान: मराठवाड्यातून निघण्याआधी काय काय करायचं

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हटलं की बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग तिकिटांचे दर बघत बसतात आणि संस्था सगळ्यात शेवटी शोधतात. हा क्रम उलटा करा. आधी काम, मग ते काम देणारी संस्था, मग त्या देशाचा कायदा अशा कामाला परवानगी देतो का, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. पुढे लिहिलंय तेही याच क्रमाने.

मराठवाड्यातल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. मदत घेणाऱ्याच्या जागी असणं म्हणजे काय, हे आपण बघितलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत देशभरातून माणसं आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. कोण कामाला आलं आणि कोण फोटोपुरतं, हे औसा-उमरग्याकडच्या जुन्या माणसांना विचारून बघा, अजून सांगतील. आता आपण दुसऱ्याच्या गावात जाणार आहोत, तर तीच नजर स्वतःवर लावायची.

सुट्टी नेमकी किती आणि कधी

कॉलेजच्या मुलांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेवर लटकलेलं असतं आणि ती परीक्षा पुढे ढकलली जाणार नाही याची खात्री कुणी देत नाही. म्हणून शेवटचा पेपर ज्या तारखेला जाहीर झालाय त्यानंतर आठवडाभर मोकळा सोडूनच निघायची तारीख धरा. शाळेत शिकवणाऱ्यांना मोठी सुट्टी दिवाळीत मिळते, नाताळात फार तर काही दिवस. त्यांनी दिवाळीचाच विचार करावा. सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असाल तर परदेशी जाण्यासाठी विभागाची पूर्वपरवानगी लागते आणि ती फाईल आपल्या सुट्टीच्या वेगाने हलत नाही. सगळ्यात आधी तो अर्ज टाका.

घरी शेती असेल तर आणखी एक हिशोब आहे. डिसेंबर-जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी, तुरीची काढणी, हरभऱ्याला पाणी हे सगळं एकदम अंगावर येतं. घरच्या तुरी उभ्या ठेवून दुसऱ्या देशात कुणाच्या तरी बागेत फुकट राबायला चाललो, हे वडिलांना पटवून देणं व्हिसापेक्षा अवघड जाऊ शकतं. खरं सांगायचं तर वडिलांचा मुद्दा बिनतोड असतो. घरचं काम कोण करणार ते आधी ठरवा, मग पुढचं वाचा.

दोन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर मी परदेश सुचवणार नाही. पहिले दोन-तीन दिवस जागा समजून घेण्यात जातात, शेवटचा दिवस निरोपात. मधल्या मोजक्या दिवसांसाठी यजमानांना तुमची व्यवस्था लावायला लागते, आणि हिशोब केला तर मदत तुम्हीच घेऊन आलात असं निघतं.

काम कोणतं

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे काम तिथला माणूस माझ्यापेक्षा स्वस्तात आणि चांगलं करू शकतो का? विटा वाहणं, भिंत रंगवणं, खड्डे खणणं याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, आणि मग आपण कुणाच्या तरी रोजंदारीवर बसतो. याला अपवाद म्हणजे गावकरी आणि पाहुणे मिळून करतात ते श्रमदान. तिथे भिंतीपेक्षा एकत्र राहणं महत्त्वाचं असतं आणि ते उघड सांगितलेलं असतं.

त्या प्रकारची सगळ्यात जुनी परंपरा 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेची. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळ, एस्न नावाच्या गावात, पिएर सेरेसोल या स्विस माणसाने १९२० साली पहिलं शिबिर घेतलं. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतली माणसं तिथे घरं बांधायला आली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल भारतातही आले होते. या संस्थेची भारतातही शाखा आहे आणि बाहेर जाणाऱ्यांनी आपल्याच देशातल्या शाखेमार्फत अर्ज करायचा, अशी पद्धत आहे. शिबिर साधारण दोन-तीन आठवड्यांचं, राहणं-जेवण त्यांचं, नोंदणी शुल्क आणि प्रवास आपला. कॉलेजात रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर केलेल्याला इथलं वातावरण लगेच ओळखीचं वाटेल: सकाळी टिकाव-फावडं, दुपारी स्वयंपाकाची पाळी, रात्री गप्पा. मात्र युरोपातली बहुतेक शिबिरं उन्हाळ्यात होतात. हिवाळ्यात पर्याय कमी, म्हणून आशियातली आधी बघा.

दुसरा प्रकार शेतीचा. 'वूफ' ही साखळी १९७१ साली इंग्लंडमध्ये सुरू झाली. सेंद्रिय शेतकऱ्याच्या घरी राहायचं, दिवसाला चार ते सहा तास हात लावायचा, पैशांची देवाणघेवाण नाही. नेपाळमध्येही तिचं जाळं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्यांना किंवा जालन्याकडे मोसंबीच्या बागेत वाढलेल्यांना हा प्रकार मी आवर्जून सुचवेन. नेपाळच्या डोंगरात, स्याङ्जा-गोरखा भागात, संत्र्याची तोडणी नेमकी याच दिवसांत चालते. ठिबकचा लॅटरल चोकअप झाला तर तो कसा मोकळा करायचा, फळाचा देठ ठेवून कात्री कशी चालवायची, हे तुमच्या हातात आधीच असतं. तिथे तुमचं परकेपण पहिल्याच दिवशी संपतं.

तिसरा प्रकार आपल्याकडे अनेकांच्या लक्षातच येत नाही: विपश्यना केंद्रातली धम्मसेवा. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं असेल, तर काठमांडूच्या बुढानीलकंठ भागातल्या धम्मशृंग केंद्रात किंवा लुंबिनीत सेवेसाठी अर्ज करता येतो. स्वयंपाकघर, भांडी, साधकांच्या सोयी, असं काम. शुल्क नाही, मानधनही नाही. शिबिर आदल्या संध्याकाळी सुरू होऊन अकराव्या दिवशी सकाळी सुटतं, म्हणजे जाऊन-येऊन तीन आठवड्यांत सगळं बसतं. लुंबिनीचं दर्शन घडतं ते वेगळंच. आपल्याकडे नांदेडच्या गुरुद्वारात लंगरच्या सेवेला बसलेल्या माणसाला हे काम काय असतं ते समजावून सांगायची गरज नाही.

इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: नेपाळच्या उंच भागातल्या शाळांना थंडीचीच सुट्टी असते. हिवाळ्यात 'पहाडी शाळेत शिकवा' अशी जाहिरात दिसली की त्या आठवड्यांत शाळा उघडी आहे का, एवढं विचारा. उत्तर मजेशीर येतं. नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपीवाल्यांनी लक्षात ठेवावं की आपली इथली नोंदणी तिथे आपोआप चालत नाही. तिथल्या परिषदेच्या परवानगीशिवाय रुग्णाला हात लावू देणारी संस्था असेल, तर तीच संशयास्पद.

अनाथाश्रम: इथे थांबा

या विषयाला जास्त जागा देतोय, कारण चांगल्या मनाची माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात. नेपाळ आणि कंबोडियासारख्या देशांत अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफसह अनेकांनी वारंवार सांगितलंय. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं खेड्यांतून आणली जातात, कारण आश्रम भरलेला असला की परदेशी पाहुणे आणि देणग्या येत राहतात. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात हा धोका इतका वाढला की मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंधनं घालावी लागली. चांगला हेतू घेऊन गेलेला स्वयंसेवक या व्यवहारातला गिऱ्हाईक ठरतो.

त्यापलीकडे मुलाचा विचार करा. दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाची वाट बघत आजीजवळ राहिलेलं बीडकडचं पोर आपण बघितलंय. त्याला पंधरवड्याचा पाहुणा पुरत नाही. मुलांसोबतच काम करायचं असेल तर मुलं घरीच राहावीत म्हणून कुटुंबांबरोबर काम करणारी संस्था शोधा. चांगल्या संस्थेची एक सोपी खूण आहे: ती तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, मागते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून ते ५०० रुपयांत मिळतं. जी संस्था काहीही न विचारता परक्या माणसाला मुलांच्या खोलीत सोडते, तिच्याकडे जाऊ नये.

संस्थेला पहिला मेल

संस्थेला पाठवायचा पहिला मेल लांबलचक नको. इंग्रजी साधं असू द्या, पण मजकूर नेमका. मी कोण, कुठून, कोणत्या तारखांना मोकळा, मला काय येतं, आणि मग हे प्रश्न:

तुमचा नोंदणी क्रमांक काय? नेपाळमधली संस्था असेल तर जिल्हा प्रशासन कार्यालयातली नोंदणी आणि समाज कल्याण परिषदेशी संलग्नता, दोन्ही विचारा.
माझ्याकडून घेतलेल्या पैशांतले किती जेवण-राहण्याचे, किती कामाचे, किती कार्यालयाचे?
मी आलो नाही तर हे काम कोण करतं?
भारतीय पासपोर्टवर, या कामासाठी, कोणत्या व्हिसावर यायचं? लेखी कळवा.
याआधी येऊन गेलेल्या भारतीय स्वयंसेवकाशी बोलता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाला जे प्रामाणिक उत्तर देतात त्यांच्याकडे अर्धी निवड तिथेच होते. दुसऱ्या प्रश्नावर चिडणाऱ्यांना परत मेल करू नका. पैसे घेणं वाईट नाही, तुमच्या ताटातला भात कुणीतरी विकतच आणतं. हिशोब न सांगणं वाईट. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा, कुणा 'कोऑर्डिनेटर'च्या खासगी खात्यात नाही.

आणि उलट्या बाजूची जाहिरात दिसली तर दुप्पट सावध व्हा. 'तिकीट आमचं, राहणं-खाणं मोफत, वर पॉकेटमनी, फक्त कम्प्युटर यायला हवा' असं म्हणत आग्नेय आशियात नेतात, आणि तिथून सीमेपलीकडे सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या थायलंडच्या माए सोटमधून हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. नोकरीची गोष्ट निघाली की एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. आणि खऱ्या श्रमदानात कुणी तुमचं तिकीट काढून देण्याची घाई करत नाही.

व्हिसा: फुकट काम हेही काम असू शकतं

पगार घेत नाही म्हणजे टुरिस्ट व्हिसा चालेल, ही समजूत महागात पडते. न्यूझीलंडचंच बघा. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा, शेतावर कामं भरपूर, जाहिराती भुलवणाऱ्या. पण कामाच्या बदल्यात जेवण आणि खोली मिळाली तर तो मोबदलाच, आणि त्यासाठी कामाचा व्हिसा लागतो, अशी तिथली भूमिका आहे. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, पण ती भेटीचं मुख्य कारण असता कामा नये. म्हणजे मावशीकडे गेलात आणि आठवडाभर संस्थेत हात लावलात तर ठीक, केवळ स्वयंसेवेसाठी निघालात तर वेगळा व्हिसा. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा संस्थेच्या सेवा कार्यक्रमासाठी बी-१ व्हिसाची सोय आहे, संस्थेच्या पत्रासह.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येतात ते देश) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याची फेरी धरा. नाताळच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील, सप्टेंबरातच हालचाल करा. अर्जात जे खरं आहे तेच लिहा, संस्थेचं पत्र जोडा. अर्जात 'फिरायला' आणि विमानतळावर 'शिकवायला' असं निघालं, तर परतीचं तिकीट तिथेच हातात मिळतं.

या सगळ्यामुळे पहिल्या खेपेला मी नेपाळच सांगतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालत नाही, हे पुन्हा वाचा. भूतानलाही आपल्याला व्हिसा नाही, पण रात्रीचे माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं, तीन आठवड्यांत खिसा रिकामा होतो.

पासपोर्ट आणि नावाची भानगड

नेपाळ ओळखपत्रावर होत असला तरी पासपोर्ट काढूनच ठेवा. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. आता टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत, अर्ज भरताना जवळचं कोणतं ते दिसतं. पुण्यात किंवा संभाजीनगरात खोली करून राहत असाल तर सध्याचा पत्ता विचारपूर्वक लिहा, पोलीस पडताळणी त्या पत्त्यावर होते. गावचा पत्ता दिला आणि हवालदार आले तेव्हा तुम्ही होस्टेलवर, असं झालं की फाईल अडली.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर आणखी वेगळं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं नाव वेगळं असतं. तिकीट, विमा, संस्थेचं पत्र, सगळ्यांवर पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव, अक्षरन्‌अक्षर. जन्मस्थळाचंही तसंच. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असेल तर व्हिसाच्या अर्जात तेच भरा, नवं नाव नंतर पासपोर्ट बदलताना.

नेपाळला जाताना

देवगिरी किंवा नंदीग्रामने मनमाड गाठायचं, तिथे गोरखपूरकडे जाणारी कुशीनगर एक्सप्रेस पकडायची. लातूर-धाराशिवकरांना पुण्याहून गोरखपूरची गाडी सोयीची. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर प्रदेशात धुकं पडतं आणि गाड्या तासन्‌तास लटकतात, त्यामुळे संस्थेला 'अमुक तारखेला सकाळी पोचतो' असं सांगू नका, एक दिवस हातचा राखा. गोरखपूरहून सोनौलीची सीमा रस्त्याने सुमारे तीन तास.

सोनौलीला पहिल्यांदा जाणारा गोंधळतो, कारण सीमा म्हणावं असं काही जाणवतच नाही. ट्रकांची रांग, सायकलरिक्षा, दोन्हीकडे एकसारखी दुकानं आणि मधे कमान. बॅग घेऊन चालत पलीकडे जायचं, कुणी ओळखपत्र मागितलं तर दाखवायचं. दलाल मात्र लगेच ओळखतात. 'काठमांडू डिलक्स, हॉटेल के साथ' असं एकत्र पॅकेज कुणी विकायला आलं तर घेऊ नका. पुढे नेपाळातल्या भैरहव्याच्या बसस्थानकावर स्वतः तिकीट काढा. काठमांडूला आठ-दहा तास धरा, रस्ता खराब असला तर त्याहून जास्त. लुंबिनी भैरहव्यापासून जवळच आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. पाट्या देवनागरीत असल्याने वाचता सगळं येतं, कळतं निम्मं, आणि तेवढं पुरतं.

पैसे, कपडे, औषधं

नेपाळ-भूतानसाठी बँक परकीय चलन देत नाही, लागतही नाही. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर बांधलेला आहे. नेपाळात अनेक दुकानांत क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, डोंगरातल्या गावात ते गृहीत धरू नका, सुट्ट्या नोटा ठेवा. इतर देशांसाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड. संस्थेला द्यायच्या रकमेखेरीज, ऐनवेळी घरी परतायचं तिकीट निघेल एवढे पैसे खात्यात वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

परभणीच्या थंडीचा अभिमान बाजूला ठेवा. काठमांडूत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि साध्या घरांत खोली गरम करायची सोय नसते. थर्मल, लोकरी टोपी, जाड मोजे, आणि पाय गरम राहतील अशी घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग. आफ्रिकेचा विचार असेल तर युगांडा, घानासारख्या देशांना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य धरला जातो. नियम लागू असलेल्या देशातून दाखल्याशिवाय परत आलात तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. विमा घेताना उंचावरचं ट्रेकिंग त्यात धरलंय का ते वाचा. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी डोंगर चढायला निघतंच.

तिथे गेल्यावर

पहिले तीन दिवस सल्ला देऊ नका. 'आमच्याकडे असं करतात' हे वाक्य चौथ्या दिवसापासून, तेही कुणी विचारलं तर. खाण्यापिण्याचं पथ्य, उपवास, मांसाहार चालत नाही, हे जे काय असेल ते पहिल्या मेलमध्येच कळवलेलं असावं. ताट पुढे आल्यावर सांगणं म्हणजे यजमानाला अडचणीत टाकणं. फोटो विचारून, मुलांचे तर पालकांना विचारूनच. 'पुढच्या वर्षी लॅपटॉप पाठवतो' असली आश्वासनं देऊ नयेत. पाठवायचं असेल तर न सांगता पाठवता येतं.

काम सांगितलं तसं नसेल, पैसे जास्त मागत असतील, किंवा पासपोर्ट 'सुरक्षित ठेवतो' म्हणून कुणी मागितला, तर वाद न घालता निघा. पासपोर्ट कुणालाही ठेवायला देऊ नका. काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावास आहे, वीरगंजला वाणिज्य दूतावास. कोणत्याही देशातून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. निघण्याआधी पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक, संस्थेचा पत्ता आणि तिथल्या दोन माणसांचे फोन एका कागदावर लिहून घरी द्या. मोबाईलवर पाठवलेलं आईला ऐनवेळी सापडत नाही. कागद देवघराजवळ किंवा फ्रिजवर चिकटवा, आणि शेजारच्या एखाद्या पोराला तो कुठे आहे ते सांगून ठेवा.